चेकबुकाला घर दाखवलं

२४ जुलै २००६, पार्सिपनी, अमेरिका
पोचले एकदाची. विमानात शेजारचा माणूस अख्खी वाट घोरला. संजयचं घर ऐसपैस, खालीवर सगळीकडे गालिचा. सुनेने, रेखाने, चहा विचारला आणि दिलाही, हे विशेष. नात इशिता दातांची डॉक्टर व्हायला निघालीय. म्हटलं, माझे अकराच उरलेत, घाई कर. पोरगी खदखदा हसली.

२७ जुलै
पोस्टाने बँकेचं चेकबुक आलं. संजय म्हणाला, हे एकरकमी कर्ज नाही, लाइन ऑफ क्रेडिट. इशिताने लागतील तसे पैसे काढायचे, शिकत असेतो नुसतं व्याज, जामीन बाप. पैसा घरात आला म्हणजे लक्ष्मीच. गौरी महिन्यावर आहेत, पण थांबतंय कोण? चेकबुक ताम्हनात ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, आणि गौर फिरवतात तसं घरभर फिरवलं. हे स्वयंपाकघर, ही बैठक, वरती इशिताची खोली, सगळं तुझंच बाई, सुखाने राहा. रेखा म्हणाली, आई, ते बँकेचं आहे हो. म्हटलं, तू पोळ्या बघ.

८ ऑगस्ट
इशिताने फीचा पहिला चेक फाडला. दुपारी मी एकटीच घरी. रेखा व्हॅक्यूम फिरवून गेली होती, त्या गुळगुळीत गालिच्यावर पावलं उमटलेली. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत. अनवाणी, टाचा खोल रुतलेल्या. आत येणारी, परत जाणारी नाहीत. संजय म्हणाला, तुझीच असतील. त्या एका पावलात माझी दोन मावतील!

१९ ऑगस्ट
अवजारांसाठी दुसरा चेक. पावलं बैठकीत. संजय ऑफिसातून आला आणि सोफ्याजवळ उभाच राहिला. स्वतःच्याच रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाला, बसू का? रेखा फ्रीज उघडण्याआधी खाकरते, परक्याच्या घरात असल्यासारखी. मी हसले. मग नाही हसले.

२ सप्टेंबर
तिसरा चेक. पावलं जिन्याने वर. इशिताच्या दाराशी थांबलीत. म्हटलं, ते चेकबुक परत कर, कॉलेज गेलं खड्ड्यात. तर म्हणे, इट्स जस्ट अ लोन, आजी. आणि स्वतःचा पलंग सोडून जमिनीवर आडवी झाली. तिचे पाय चोळून दिले. थंडगार.

४ सप्टेंबर
बोलावली मी, घालवणार मी. चेकबुकाला दहीभात दाखवला, अक्षता टाकल्या, जागचं हलवलं. पुन्हा ये म्हणायचं असतं, ते गिळलं. म्हटलं, चालती हो.

५ सप्टेंबर
पावलं बाहेर! इशिताच्या खोलीतून जिना, दार, थेट रस्त्याकडे. गेली बया. दोन चमचे साखर घालून चहा केला, संजयच्या खुर्चीत बसून प्याले.

मग वाकून बघितलं. पावलं लहान आहेत. अरुंद. परवाच हे पाय मी—

इशिताची आहेत. तिची गाडी दारात, बूट दारात. रस्त्यापर्यंत जाऊन हाका मारल्या. कुणी नाही.

घरातून ओ आली. वरून. तिच्याच आवाजात. पण मराठी अशी स्वच्छ, पोरगी कधी बोलली नाही—

आत येऊन पुन्हा खुर्चीत टेकले, वही हातात. ती जिन्यावर आहे. विचारतेय, खुर्चीत कुणाला विचारून बसलात. बसलात! मला आजी, तू म्हणणारी—

रेखा भिंतीशी उभी, मान खाली. म्हणते, आई, उठा ना, उठा—

म्हटलं, आधी माझी इशिता कुठाय ते सांग, मग उठते.

एक पायरी उतरली. मी उठलेले नाही. लिहितेय म्हणजे अजून बसलेलीच आ—