बत्ता वर असताना

ता. ३ फेब्रुवारी

तीर्थरूप ताईस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मावशीच्या पत्त्यावर टाकतोय, दाजींच्या हाती लागायला नको. मोरीत घसरून दात पडला असं तू कळवलंस. मावशीने फोनवर खरं सांगितलं. मोरी काय कानाखाली मारते होय गं? हातोडी घेऊन निघणारच होतो, तुझी शपथ आड आली. पण डोकं कुठेतरी फिरायचंच. परवा नाटकाचा सेट ठोकताना दिवेवाल्याने शिवी दिली आणि मी त्याचं नाक फोडलं. फळ्यांवर रक्तच रक्त.

वाटलं, गेली सुतारकी. पण आमच्या दिग्दर्शक बाई पुढे आल्या. म्हणाल्या, तोच ठोसा हवेत मार, पण पोचायला अर्धा तास लागला पाहिजे. मारला. घामाने निथळलो, ताई! राग मुठीत नसतोच, टाचेतून चढतो.

बाईंच्या नाटकात एक खून आहे, तो काही केल्या जमेना. बाईंनी खोटं रक्त फेकून दिलं, सुरी फेकून दिली, काल वैतागून खुर्चीही फेकली, नट वाचला. तरुणपणी त्यांनी जपानमध्ये बुतो नावाचा नाच पाहिला होता. अंगभर पांढरी पूड फासलेला म्हातारा अख्ख्या खेळात उभ्याचा फक्त खाली बसला, आणि बघणाऱ्यांची बोबडी वळली. तसा खून त्यांना हवाय. नटांना रोज गुडघे वाकवून, नजर न हलवता, गोगलगायीसारखं चालवतात. सगळं जमतं, हात वर गेला की फसतं. तेव्हा मारणाऱ्याच्या मनात काय असतं, तेच सापडेना. मी म्हटलं, राग. म्हणाल्या, तो वाटेतच संपतो.

एक शब्द लिही, मी येतो. लोभ जपून ठेव, दाजींवर उधळू नकोस.

तुझा भिंगरी


ता. १९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

येऊ नकोस. तू आलास की एक जण स्मशानात जाईल, एक तुरुंगात, आणि डबा पोचवायला मीच. त्या दिवेवाल्याची माफी माग.

तुझा नाच वाचून हसले, दाताच्या फटीतून शिट्टी वाजली. हे कामावर गेले की ओट्यापासून दारापर्यंत तशी चालून बघते. पाय थरथरतात. पण गंमत म्हणजे हळू चालताना भीती वाटत नाही रे. धावपळीतच वाटायची.

वेळेवर जेव. माझा ओरडा मनावर घे, माया आहेच.

ताई


ता. २ मार्च

तीर्थरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मावशीचा फोन आला. दाजींच्या उजव्या हाताची बोटं चेचली म्हणे, आणि दवाखान्यात त्यांनी दारात सापडली असं सांगितलं. आता डाव्या हाताने जेवतात, तुझ्याकडे न बघता. मोरीनंतर आता दार! ताई, खरं काय ते लिही.

मला राहवलं नाही, बाईंना बोललो. त्यांनी तालीम तिथेच थांबवली. म्हणाल्या, तिला विचार, हात वर होता तेव्हा मनात काय होतं. तुला नको वाटलं तर नको सांगूस, ताई.

लोभ कमी करू नकोस, मला आता तुझी थोडी भीतीही वाटते.

भिंगरी


ता. १० मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

मीठ जास्त झालं म्हणून यांनी ताट भिंतीवर मारलं. मग केस धरून माझं डोकं ओट्यावर आपटलं. कपाळ फुटलं. पुन्हा मारण्याआधी दम खायला यांनी ओट्यावर पंजा टेकला. मी खलातला बत्ता उचलला. घाईने नाही, तुझ्या बाई शिकवतात तसा. टाच, गुडघा, पाठ, खांदा. डोळ्यांत रक्त उतरत होतं, तरी नजर यांच्यावरून काढली नाही. हात मागे घ्यायला यांना भरपूर वेळ होता रे. नुसते बघत राहिले.

बाईंना सांग, बत्ता वर असताना राग नव्हता. भीतीही नव्हती. शेगडीवर दूध होतं आणि ते वर यायला लागलं होतं. उतू जाईल, एवढंच मनात होतं. मी डाव्या हाताने गॅस बंद केला, मग बत्ता खाली आणला.

दूध वाचलं. काळजी सोड, लोभ मात्र ठेव.

तुझी ताई