टोपल्याखालचं ताट

१८ एप्रिल १९६१, अकोला

आज अखजी, अक्षय्य तृतीया. घरात सकाळपासून कोणी कोणाशी धड बोललेलं नाही.

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, काल बाजारातून मातीची नवी घागर आणली. मला वाटलं, उन्हाळा आहे, प्यायच्या पाण्याला झाली. सकाळी उठून पाहते तर घागर भरलेली, तिच्यावर खरबूज, पुढे पळसाच्या पानावर वरण-भात वाढलेला, आणि आत्याबाई हात जोडून बसलेल्या! मामाजींच्या नावानं. मामाजी, म्हणजे माझे सासरे पुंजाजी, मागच्या वर्षी गेले. त्यांच्या मागची ही पहिली अखजी.

आणि नेमके हे आंघोळ करून आत आले!

"माय, हे काय करून राहिली तू? आपन दीक्षा घेतली का नाई? नागपुरात तूबी होती. पितर, पान, समदं सोडलं म्हनून तोंडानं बोलली ना तू?"

आत्याबाई उठल्या. पानातला भात परातीत ओतला, घागर उचलली आणि स्वयंपाकघरात तिवईवर ठेवली. "पानी तं प्यासान ना तिचं?" एवढंच म्हणाल्या.

ह्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही. घेतलेली शपथ ती शपथ. मीसुद्धा घेतलीच आहे. पण मला ह्यांचा राग आला तो आलाच! जरा हळू बोलायचं. खरबूज संध्याकाळी तिघांनी मुकाट्यानं खाल्लं. फिकं निघालं.

१९ एप्रिल

आत्याबाई म्हणतात, "पुनव झाली का मी गावाले चालली."

गाव म्हणजे दर्यापूरच्या पलीकडे. तिथे आहे कोण? कुलूप लावलेलं घर आणि दारातला लिंब! ह्यांना म्हटलं, समजूत घाला. तर म्हणे, "तिले जायचंच असन तं मी का बांधून ठेवू?" मायलेक दोघंही एकाच दगडाचे.

२० एप्रिल

सकाळच्या शाळेत शिकवून घरी आले तर चुलीवर भाकर टाकलेली, ठेचा वाटलेला, ताकाला फोडणी. होळीच्या आधी आत्याबाई इथे आल्या तेव्हापासून रोज हेच. मी पायातल्या चपला काढत नाही तो आतून आवाज, "हात धू, गरम हाये तोवर खाऊन घे."

मला आई आठवत नाही. अमरावतीला वसतिगृहात वाढले. तिथे वाढणाऱ्या बाईचा हात चांगला होता, पण पुढे कोणाचं ताट आहे ते ती बघत नसे. मी कुठे बघत होते? पोट भरलं की झालं. आता सवय बिघडली माझी. शाळेत शेवटच्या तासाला भाकरीचा वास येतो!

इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहिते. ही बाई मला हवी आहे. जाऊ द्यायची नाही.

२३ एप्रिल, रविवार

आजचा दिवस मोठा.

वैशाखी पौर्णिमेचं आमच्या बौद्ध मंडळाचं जेवण यंदा आमच्याकडे ठरलं. सकाळी देवरावजी येऊन सांगून गेले. मंडळातले सगळ्यांत वडील, रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि नियमाला इतके पक्के की त्यांच्यापुढे हेसुद्धा ताठ बसतात. खीर तर हवीच, सुजातेनं बुद्धांना दिली तशी. बाकी काय? देवरावजी म्हणाले, पुऱ्या. आत्याबाई आतून म्हणाल्या, "रोडगे!"

देवरावजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "बाई, रोडगे म्हंजे नवसाचं जेवन. आपल्यात नाई चालत आता ते."

"गव्हाले काय ठाऊक, नवसाचा का बिननवसाचा?" आत्याबाई बाहेर येऊन म्हणाल्या. "शेनाच्या आरावर भाजाचे, तूप सोडाचं, वांग्याच्या भाजीसंगं खाचे. यात देव कुठी बसला?"

हे खो खो हसले! अखजीनंतर पहिल्यांदा.  रोडगे ठरले.

दुपार कलल्यावर तिघं बाजारात गेलो. आत्याबाईंबरोबर बाजार करायचा म्हणजे धीर पाहिजे. प्रत्येक वांगं दाबून पाहायचं, देठ बघायचा, परत टाकायचं. माळीण वैतागली. आत्याबाई तिलाच म्हणतात, "बियानं भरलं हाये हे. याची भाजी करू का वावरात पेरू?" शेवटी तिनंच खालच्या टोपल्यातली कोवळी काढून दिली. तुरीची डाळ दाताखाली फोडून पाहिली, गूळ चाटून पाहिला. मी लाजून दुसरीकडे बघत होते. गोवऱ्यांच्या ढिगाशी मात्र त्या जागीच उभ्या राहिल्या.

"शेन इकत घेता तुमी? अवं माय! उद्या वारा इकत घ्यान!"

घेतल्या शेवटी. घरापर्यंत पुटपुटणं चालू.

पण ते नंतर. त्याआधी हे म्हणाले, चला, हॉटेलात काही खाऊ. आत्याबाई पायरीशी थबकल्या. "मी उभी राहातो इथी, तुमी खाऊन या." ह्यांनी दंडाला धरून आत नेलं. खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या, कोणी उठ म्हणेल म्हणून तयारीत असल्यासारख्या. आलुबोंडे आले, चहा आला. बोंडा आवडला. "मिरची कमी हाये," एवढा दोष काढलाच.

चहा संपला आणि आत्याबाई कपबशी उचलून नळाकडे निघाल्या.

मला आधी कळलंच नाही. वाढपी आडवा झाला. मिशीवाला, चांगला दांडगा माणूस. "आजी, ठेवा तिथंच. मी नेतो."

"धुऊन देतो ना बापा. उपडी कुठी ठेवू, तेवढं सांग."

आमच्या गावच्या हॉटेलाबाहेर आपल्या लोकांची कपबशी वेगळी, खुंटीवर टांगलेली असायची. घ्यायची, प्यायची, धुवायची, परत टांगायची. उभ्या जन्माची सवय त्या हातांना. हे उठले. आईच्या हातातून कपबशी घेतली आणि टेबलावर ठेवली. "माय, बस. आखीन एक चहा घे." आवाज असा की मी मान खाली घातली.

दुसरा चहा आत्याबाई हळूहळू प्याल्या. खुर्चीला पाठ टेकून. निघताना दारातून एकदा वळून पाहिलं, त्यांची खरकटी कपबशी तशीच टेबलावर होती.

रस्त्यात म्हणाल्या, "तुह्या बापानं पाह्याले पायजे होतं हे." ह्यांनी त्यांच्या हातातली जड पिशवी काढून घेतली.

२६ एप्रिल

फजिती! रोडग्याचं पीठ जाडसर लागतं. मी चक्कीवर सांगायला विसरले आणि मैद्यासारखं बारीक दळून आणलं. आत्याबाईंनी चिमटीत धरून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "वा वा मास्तरीन बाई! आता याची खळ कर न पोट्ट्याइच्या पतंगा चिटकव!" मग स्वतःच रवा आणून मिसळला. दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या. मला मुळीच राग आला नाही, हेच नवल.

२८ एप्रिल

आज पुन्हा गावाचं काढलं. लुगडी घडी करून पेटीत ठेवत होत्या. मी म्हटलं, "आत्याबाई, रहा ना. मला बरं वाटतं तुम्ही असलात की." इतकं कधी कोणाला बोलले नव्हते.

त्या म्हणाल्या, "पोरी, ज्या घरात मानसाचं नाव काहाडता येत नाई, तिथी कशी राहू?"

 हे ऐकत होते की नाही, माहीत नाही. पेपर वाचत होते. पण पान काही उलटलं नाही.

२९ एप्रिल

घर सारवलं, अंगण झाडलं, माळिणीकडून ताजी वांगी आणून धुऊन ठेवली. संध्याकाळी आत्याबाईंनी पेटीतून एक पितळी ताट काढलं. कडेला जरा चेपलेलं. ओळखलं मी, मामाजींचं. चिंच लावून लखलखीत घासलं आणि नव्या टोपल्याखाली ठेवून दिलं.

उद्यासाठी. पौर्णिमेला मामाजींचं पान वाढणार त्या! दुसरं काय? आणि उद्या घरात सगळं मंडळ, देवरावजी, हे! कोणी पाहिलं तर हे रागावतील, आणि मग आत्याबाईंना गावाला जाताना अडवायची सोयच राहणार नाही. ताट वाढू नका म्हणू का त्यांना? सांगू का ह्यांना?

नाही सांगत. चांगलं मोठं टोपलं आहे. कोणाला दिसणार नाही.

३० एप्रिल, वैशाखी पौर्णिमा

अंगणात गोवऱ्यांचा आर पेटला तेव्हा उजाडत होतं. रोडगे आत्याबाईंनीच भाजले, कोणाला हात लावू दिला नाही. राखेतून एकेक काढायचा, फडक्यानं झटकायचा, दाबून फोडायचा, वर तूप. काय तो वास! शेजारची पोट्टी कुंपणाला लटकली होती, त्यांनाही गरम गरम मिळाले. खीर माझी. गूळ जरा जास्त झाला, पण आत्याबाई म्हणाल्या, "गोड आंगाले लागते, राहू दे."

वंदना झाली, पंचशील झालं. पंगत बसायच्या आधी मी आत डोकावले तर आत्याबाई मामाजींच्या ताटात वाढत होत्या. मधला खरपूस रोडगा, तूप, वरण, भाजी, वाटीत साय धरलेली खीर. सगळं पहिलं. मग टोपलं झाकलं, घागरीच्या तिवईखाली सारलं, आणि पंगतीला वाढायला गेल्या.

तेवढ्यात देवरावजी पाणी प्यायला आत! त्याच घागरीचं! पाणी पिता पिता खाली पाहिलं. "टोपल्याखाली काय झाकलं बाई?"

"विरजण आहे!" मी म्हटलं. "हलवू नका, मोडेल!"

सकाळीच मुसावादा वेरमणी म्हटलं होतं. खोटं बोलणार नाही म्हणून! दुपार व्हायच्या आत हे. आणि दारात हे उभे. ताट वाढताना ह्यांनीही पाहिलं होतं, चेहऱ्यावरून कळलं मला. 

हे म्हणाले, "हो देवरावजी, इरजनच हाये. चाला, पंगत थांबली."

माझा नवरा! जन्मात खोटं न बोललेला माणूस! त्या क्षणी मला तो इतका आवडला की काय सांगू.

पंगती उठल्या. देवरावजींनी रोडगे मागून घेतले, बोटं चाटली. वांग्याची भाजी संपली, वरणाचा तळ लागला, खिरीचं पातेलं मी उलथन्यानं खरवडून ठेवलं. एवढं घाईनं लिहून ठेवलं. आत्याबाई हाक मारतात.

१ मे

ते ताट माझं होतं.

काल मी खरवड घेऊन बसले होते. आत्याबाईंनी ती हातातून काढून घेतली, टोपलं उचललं आणि ताट माझ्यापुढे सरकवलं. मी म्हटलं, "आत्याबाई, हे तर मामाजींचं."

"त्याइचंच हाये. मी नवी नवरी होती तवा घरभर रांधो, अन् मले शेवटी भांडं खरवडाले मिये. हा मानूस समद्याइच्या आंधी एक ताट वाढून टोपल्याखाली झाकून ठेवे. माह्यासाठी. आपल्या मायच्या शिव्या खाये, पन ठेवे. मेल्यावर पान मांडू देत नाई तुमी, तं नका देऊ. त्याचं काम तं करू द्यान? जेव."

मी रोडगा मोडला. हे केव्हा आत आले कळलं नाही. घागरीतून पेला भरला, माझ्या ताटाजवळ ठेवला आणि आईशेजारी खाली बसले. "माय," म्हणाले, "बाबाचं आखीन सांग."

त्या सांगत बसल्या. आज सकाळी माझ्या शाळेला सुटी लागली हे कळताच आत्याबाईंनी कुरडयांचे गहू भिजत घातले. तीन दिवस भिजावे लागतात, मग वाटायचे, मग वाळवायचे. पेटीतली लुगडी परत दांडीवर आली आहेत.

आज सगळ्यांच्या आधी मी एक ताट वाढून झाकलं.