पुढच्या दाताचं रूट कॅनाल

४ फेब्रुवारी, मंगळवार
वरचा पुढचा दात तीन दिवस ठणकतोय. हा माझा धागा तोडायचा दात. तीस वर्षं शिवणकाम केलं, पण कात्री लावली ती कापडाला, धाग्याला कधी नाही. देवाने तोंडातच कात्री दिलेली असताना दुसरी शोधायची, हा त्याचा अपमान आहे. दुकानातल्या भागीदाराला हे कळत नाही. कापड बेततो म्हणून स्वतःला शहाणा समजतो. म्हणाला, "मास्तर, कात्री काय पूजेला ठेवलीय?" मी दुर्लक्ष केलं. दुर्लक्ष मला चांगलं जमतं.

गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरने एक्स-रे काढला. म्हणाला, दात आतून मेलाय, स्पेशालिस्टकडे जाऊन रूट कॅनाल करा, नाहीतर दात हातचा जाईल. मेलेला दात ठणकेल कसा? मेलेली माणसं ओरडतात का? तिथे सुचलं नाही, नाहीतर विचारलंच असतं. बायकोने लगेच अपॉइंटमेंट घेतली. तिला माझ्या दुखण्याची फार हौस.

६ फेब्रुवारी, गुरुवार, दुपारी
स्पेशालिस्ट म्हणजे चष्म्यावर भिंगं बसवलेली एक बाई, माझ्या भाचीएवढी. एवढ्या मोठ्या शरीरातून हिने दात निवडला, आणि दातातूनही फक्त मूळ. इतकी संकुचित वृत्ती बरी नव्हे. मीही फक्त वकिलांचे काळे कोट शिवतो, पण ते वेगळं.

आधी तिने सगळं समजावून सांगितलं, जसं काही मला ऐकायचंच होतं. हिरडीत इंजेक्शन. मग ओठ बधिर. दाताभोवती रबराचा पडदा, म्हणजे औषध घशात जात नाही. दाताच्या मागून बारीक भोक, त्यातून केसासारख्या सुया घालून मुळातली घाण साफ करायची. आत औषध, वर तात्पुरतं सिमेंट. पुढच्या गुरुवारी ते काढून पक्कं भरायचं, मग कॅप. शेवटी म्हणाली, "काका, तोपर्यंत या दाताने काही चावायचं नाही, तोडायचं नाही. पोकळ झालाय तो." काका!

टोचलं तेवढंच. पुढे काही कळलं नाही. ही बाई त्याचं श्रेय इंजेक्शनला देईल. वास्तविक मी सगळा वेळ नामस्मरण करत होतो.

परत येताना पाणी प्यायलो, ते बधिर ओठावरून सदऱ्यावर. बायको हसली.

८ फेब्रुवारी, शनिवार
ठणका पूर्ण गेला. नामाचा महिमा.
तरीही संकल्प: आजपासून धागा कात्रीने.

१० फेब्रुवारी, सोमवार
संकल्प चालू. कात्री दर वेळी शोधावी लागते. ती असते भागीदाराकडे आणि तो देतो अशी, की जणू किडनी देतोय. दुपारनंतर फक्त पातळ धागे दाताने. पातळ धागा म्हणजे तोडणं नव्हे, नुसता स्पर्श.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
आज अपॉइंटमेंट होती. गेलो नाही. तहान भागल्यावर कोणी विहीर खणत नाही. दुखत नाही तिथे पुन्हा उकरायचं, हा या लोकांचा धंदा.
बायकोला सांगितलं, डॉक्टरीण बाईंनीच पुढची तारीख दिली. ती म्हणाली, "हो का? मग मघाशी त्यांचा फोन आला, अजून काका कसे आले नाहीत म्हणून, तो कोणाच्या काकांसाठी?" तिने ताट जरा जोरात ठेवलं. मी जेवायला लागलो. रागावलेल्या माणसाशी वाद घालू नये, असं गावच्या शाळेत गुरुजी सांगत.

१७ फेब्रुवारी, सोमवार
जीभ लावली तर दाताच्या मागे खड्डा लागतो. सिमेंट पडलं वाटतं. बहुधा गिळलं. शरीराला नको होतं ते शरीराने काढून टाकलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार
वकीलसाहेब कोटासाठी समोर उभे. त्यांना अर्ध्या तासात कोर्टात पोहोचायचं. शेवटचं बटण लावलं. कात्री भागीदाराकडे. मागितली असती, पण त्याच्यापुढे हात पसरायचा, तोही गिऱ्हाइकादेखत? धागा दातात धरला आणि हिसका दिला.
कट्ट! दाताचा अर्धा तुकडा कोटाच्या खिशात. वकीलसाहेबांनी तो चिमटीत धरून उजेडात पाहिला आणि म्हणाले, "हा तुमचा?"
धागा होता तसाच. भागीदाराने पुढे होऊन तो माझ्या ओठांपाशी कात्रीने कापला. हा त्याचा उद्धटपणा.

बायकोने ताबडतोब स्पेशालिस्टला फोन केला. उद्या बोलावलंय. तुकडा डबीत ठेवलाय, बाई चिकटवून देईल. इतकं शिकलीय तर एवढं यायला हवं. मात्र तिला सांगायचं की केळं खाताना तुटला. देव क्षमा करील. प्रश्न दुकानाच्या अब्रूचा आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
बाईने डबी उघडलीही नाही. एक्स-रे काढला, भिंगांतून बराच वेळ पाहिलं. म्हणाली, चीर हिरडीखाली मुळापर्यंत गेलीय, आता दात काढावाच लागेल. तेरा तारखेला आला असतात तर वाचला असता. मग विचारलं, "काका, झालं कशाने?"
केळं, म्हणालो.
ती बारीक चिमट्याने चिरेतून काहीतरी ओढत राहिली. पांढऱ्या कापसावर पेरभर काळा दोरा ठेवला आणि माझ्यासमोर धरला. "आणि हे?"
बायको दाराशी उभी. मी दोरा हातात घेतला, बोटांत फिरवून पाहिला. या बाबतीत मला खोटं बोलता येत नाही.
"चाळीस नंबर," म्हणालो, "तिपदरी, मेण लावलेला. चांगला माल आहे. सहजासहजी तुटत नाही."