आधी येते, मागून बोलते

अंबड,
शनिवार

प्रिय कल्याण,

तुला आणि शीतलला आशीर्वाद. ‘इकडे सर्व ठीक’ असं लिहायला पेन टेकवलं होतं, पण देवापुढे बसून लिहिते आहे, खोटं कशाला? ठीक नाही, पण चाललंय. तू म्हणशील, अक्काला काय झालं, फोन सोडून पत्र कशाला लिहून राह्यली, ते पण मला! कागद पुढे आला की तू ‘चष्मा घरी राहिला’ म्हणतोस आणि शीतलच्या हातात देतोस, हे मला माहीत आहे. तुला चष्मा लागलेलाच नाही, हेही माहीत आहे. हे पत्र मात्र शीतलकडे देऊ नकोस. का ते शेवटी सांगते. कागद जुन्या कॅलेंडरचे आहेत, मागची बाजू कोरी असते ती मी वाया जाऊ देत नाही. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, एक ओळ सोडून एक.

आमच्या प्रियूचं तुला थोडंफार ठाऊक आहे, सगळं नाही. हौसेने प्रियदर्शनी नाव ठेवलं. तेव्हा कुठे माहीत होतं, की पोरीला एवढी जोडाक्षरं जन्मभर वाहायची आहेत! सातवीत गेली तरी स्वतःचं नाव दर वेळी वेगळं लिहिते. कधी प आणि र सुटे, कधी रफार भलत्याच अक्षराच्या डोक्यावर. तोंडी काहीही विचार, मामाच्या कारखान्यात लोखंड लाल कसं होतं आणि गार कसं होतं, सगळं खडाखडा सांगते. पुस्तक उघडलं की तोंड मिटतं. शाळेत म्हणाले आळशी आहे, यांनी म्हटलं लक्ष नाही, आणि मी तर हात उचलला. पोथी वाचून उठायचे आणि त्याच हाताने पोरीला मारायचे. बाकी अक्षरं चुकते, पण ‘ढ’ कधी चुकत नाही. इतक्या जणांनी इतक्यांदा ऐकवलंय, की तेवढं एक पक्कं बसलंय.

गेल्या श्रावणातलं सांगते. संध्याकाळी पोथी मी वाचते, पण त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, आज पोरीला बसू द्या. प्रियू बसली आणि काय वाचली म्हणून सांगू! ओळीवर बोट, आवाज खणखणीत, कुठे अडणं नाही. सासूबाईंनी जागच्या जागी तिची दृष्ट काढली. ‘कोण म्हणतं गं माझ्या नातीला येत न्हाई म्हणून?’ मी समईत तेल घालायला वाकले आणि पोथीकडे नजर गेली. पंचामृताचा थेंब पडून दोन पानं एकमेकांना चिकटली होती, तिने ती एकदमच उलटली होती. पुढ्यात भलताच अध्याय होता आणि पोरगी मधल्या, झाकल्या गेलेल्या पानावरचं बिनचूक म्हणत होती. लहानपणापासून माझ्या तोंडून ऐकून ऐकून तिला सगळं पाठ होतं. बोट नुसतं फिरत होतं. माझ्या तोंडापर्यंत एक वाक्य आलं होतं, कल्याण. ते मी गिळलं. बोट ओलं करून दोन्ही पानं सोडवली, तिचं बोट उचलून खऱ्या ओळीवर ठेवलं आणि म्हटलं, आजच्याला पुरे. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं की मला कळलंय.

त्यानंतर शाळेत आठवड्यातून दोनदा येणाऱ्या आसिफा मॅडमकडे गेले. ज्या मुलांना शिकायला वेगळी वाट लागते, त्यांना त्या शिकवतात. त्यांनी तासभर तिला बाराखडी, उलटसुलट शब्द, चित्रं असं काय काय विचारलं आणि मला म्हणाल्या, ‘पोरगी बिलकुल हुशार हाये ताई. डोकं बराबर हाये, फक्त अक्षर आन् आवाज यांची गाठ जल्दी पडत न्हाई. मारल्यानं तर न्हाईच पडत.’ मी खाली मान घातली. तेव्हापासून रोज सकाळी शाळेआधी अर्धा तास आमची शाळा असते. परातीत रवा पसरायला सांगितला होता. रवा महाग, मी ज्वारीचं पीठ पसरते. तिने बोटाने अक्षर काढायचं, काढताना मोठ्याने म्हणायचं. मग त्याच पिठाच्या भाकरी थापते. सासूबाई ताटावर बसून विचारतात, ‘आज काय, ठ ची भाकर का?’ लग्नपत्रिकेच्या जाड कागदाला एका शब्दाएवढी खिडकी कापली आहे. ती ओळीवर सरकवायची, म्हणजे बाकीचे शब्द गर्दी करत नाहीत.

सगळ्यात जास्त नडते ती पहिली वेलांटी. ‘दिवा’ लिहिलं की वेलांटी कागदावर आधी दिसते, पण बोलायची द च्या मागून. प्रियू तिथेच अडायची, रडायची. मॅडम म्हणाल्या, ‘बेटा, ही वेलांटी जरा शरमाती. आधी येऊन उभी राहाती, पर बोलती मागून. तिच्यासाठी थांबायचं, बस.’ आता प्रियू अडली की स्वतःशीच ‘शरमाती, शरमाती’ म्हणते आणि मग वाचते. सहा महिन्यांत दुसरीच्या पुस्तकातले अकरा धडे झाले. एवढंच. आज आलेलं उद्या विसरते, परवा पुन्हा येतं. थकले रे. पूर्वी देवाला बरंच काही मागायचे, आता एवढंच मागते, की मला आज ओरडू देऊ नकोस.

आता प्रियूची तपासणी आली आहे. मंगळवारी, तुमच्याच जालन्याला. तिला वाचायची अडचण आहे असं तिथून लिहून मिळालं तर पुढे दहावीच्या पेपरला जादा वेळ मिळेल, प्रश्न वाचून दाखवणारं माणूस मिळेल. घरात यावरून तोंडं फिरली आहेत. सासूबाई म्हणतात, ‘पोरगी अधू हाये म्हणून शिक्का मारून आणा, मंग बघा कोण करतंय तिला!’ हे हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत, धान्यबाजारात, मोंढ्यावर निघून जातात. ते मी निभावून नेईन, पण प्रियूच जायला तयार नाही. म्हणते, ‘आई, साऱ्या दुनियेत मी एकटीच आशी हाये. तिथं जाऊन आनखी कशाला दाखवायचं? शाळंतून काढ मला.’ आणि फॉर्मवर एक प्रश्न होता, घरात आणखी कुणाला वाचायला अडचण होती का? मी ‘नाही’ लिहिलं. मॅडमनी फक्त माझ्याकडे पाहिलं. घरी येऊन मी ते खोडलं, पण पुढे काही लिहायचा हात होईना. तुला न विचारता तुझं नाव एकदा चारचौघांत घेतलं होतं, पुन्हा कशी घेणार?

म्हणून काल फोन केला. विचारलं, तुझं प्रियूला सांगू का? तुझ्या मागे कारखान्यात लोखंड पडल्याचा आवाज येत होता. मग म्हणालास, ‘सांग. पर समदं सांग. पानाचं बी.’ कल्याण, तीस वर्षांत तू तो शब्द एकदाही काढला नव्हतास. मला वाटायचं, विसरलास. मी मात्र रोज पोथीचं पान उलटताना आठवते. शहागडजवळच्या आपल्या शाळेत साहेब तपासणीला आले होते. तू चौथीत, मी सातवीत, सगळे वर्ग एका पडवीत. तुला बैलाचा धडा वाचायला सांगितला आणि तू घडाघडा वाचलास. गुरुजी खूश. मी मागून पाहिलं, तर तुझ्या पुस्तकात नावेचं चित्र. धडा तू माझ्याच तोंडून ऐकून पाठ केला होतास. आणि मी उभी राहून ओरडले, ‘साहेब, ह्यो वाचत न्हाई, पाठ म्हणून राह्यला! पान बघा त्याचं!’ सगळी शाळा हसली. साहेबांनी मला पेन दिलं, तुला छड्या मिळाल्या. मी असं का केलं? तुला शिकवायचं काम बाबांनी माझ्यावर टाकलं होतं, तुला येत नाही म्हणून रोज बोलणी मी खायचे. माझी चूक नाही, हे मला दाखवायचं होतं. बस, एवढंच कारण. त्या दिवशी हात सुजले होते तरी माझं दप्तर तूच घरी आणलंस. पुढच्या वर्षी तू शाळेत आलाच नाहीस, आणि मी मॅट्रिक झाले. तू ढ नव्हतास रे. तुझ्यासाठी कुणी परातीत पीठ पसरलं नाही, एवढंच. माझं चुकलं.

प्रियू, इथवर आलीस ना? थांब. पाणी पी, मामाला पण दे. मग खिडकी पुढच्या ओळीवर ठेव. कल्याण, पत्र शीतलकडे द्यायचं नव्हतं ते याच्यासाठी. हे वाचायला मी प्रियूला पाठवलंय. उद्या मोंढा बंद, तेव्हा तिचे बाबा तिला तुझ्याकडे सोडून जातील. आतलं तिला काही सांगितलेलं नाही. एका बैठकीत होणार नाही, सोमवारपर्यंत पुरवा. ती अडली तर घाई करू नकोस. पुढचा शब्द तुला सांगता येणार नाही, म्हणूनच तुझ्यापुढे ती लाजणार नाही. मंगळवारी पाळी बदलून घे आणि तिच्या शेजारी जाऊन बस. फॉर्मवर त्या प्रश्नापुढे मी आता लिहिलंय, ‘मामा’. जायचं की नाही हे तिने ठरवावं, पण ती एकटी नाही, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. आणि एक काम कर. हे पत्र मी आज पहिल्यांदा लिहिलंय, कुणाच्या तोंडून तिने ते ऐकलेलं नाही. तेव्हा शेवटची ओळ झाली की उभा राहा आणि शीतलला, शेजारच्यांना, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरड: ‘पोरगी पाठ म्हणून न्हाई राह्यली, वाचून राह्यली! पान बघा तिचं!’

तुझ्या आधी आलेली, मागून बोललेली,
तुझीच
मीनाक्का