सातवी 'ब'चे सात गट

ती. अक्षतावहिनींस, धाकट्या दिराचा, म्हणजे उन्मेषचा, नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण कंबर धरली आहे. दादाचं बीपी आणि तुमचे गुडघे जागच्या जागी असावेत. तुमची ओवी माझ्याच वर्गात असल्यामुळे तिची खुशाली रोज कळते. दादरहून भोईवाड्याला पत्र धाडावं इतकं काही अंतर नाही, हे मला समजतं. पण फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकतो, म्हणून हा खटाटोप.

तर सातवी 'ब'त अठ्ठावीस मुलं, आणि प्रकल्पासाठी चौघाचौघांचे सात गट हवे होते. मुलांवर सोडलं की प्रत्येक जण आपापला कंपू धरतो आणि पूर्वी भिंतीपाशी एकटी उरते. पूर्वी शीव कोळीवाड्याची, आई मासळी विकते. तिच्या दप्तराला वास येतो असं वर्गाने परस्पर ठरवून टाकलंय. (मी मुद्दाम हुंगून पाहिलं. खोडरबराचा येतो.) म्हणून म्हटलं, गट नशिबावर पाडावेत. त्याच्या नाना तऱ्हा आम्हाला दोन दिवसांच्या प्रशिक्षणात, गार उपम्यासकट, शिकवल्या होत्या. आधी एक ते सात आकडे मोजायला लावले, तर कार्ट्यांनी रांगेतली डोकी आधीच मोजून जागा बदलल्या. मग पत्ते आणले. सत्तीपासून राजापर्यंत बरोबर अठ्ठावीस पानं होतात. सत्त्या एका गटात, अठ्ठ्या दुसऱ्या. संध्याकाळपर्यंत तक्रार आली की सर जुगार शिकवतात. मुख्याध्यापक रघुवीर सरांनी मोबाइलवरची रमी थांबवून मला वीस मिनिटं संस्कार ऐकवले.

शेवटी डब्यात चिठ्ठ्या. मुलांनी त्या उचलल्या, डब्याचं झाकण खाली पडलं, मी वाकलो (कंबर तिथेच गेली), आणि बाकाखालून पाहतो तर चिठ्ठ्यांची अदलाबदल चाललेली. पूर्वीच्या गटाच्या बाकीच्या तीन चिठ्ठ्या या हातातून त्या हातात, अशा वर्गभर हिंडल्या. अखेर त्यातली एक स्वप्नीलच्या हातात राहिली आणि तो चक्क रडायला लागला. तेव्हा पूर्वी उठून म्हणाली, "सर, माझा एकटीचाच गट करा ना. मी करते चौघांचं काम."

वहिनी, मी "बरं" म्हणालो. तेवीस वर्षं शिकवतोय, आणि मला त्या पोरीला एवढंच म्हणता आलं. माझी मलाच लाज वाटते. प्रकल्पाचा विषय 'सहकार्य' आहे, तो वरून आलाय.

दादाला सांगा, अजून नोकरीत आहे. तुमचा लोभ या पत्रानंतरही थोडा शिल्लक राहावा.

आपला,
उन्मेष

ता. क. : सगळ्यात आधी चिठ्ठी बदलली ती ओवीने. वासाचा शोधही तिचाच. मी घरी काका आणि शाळेत सर, पण तिच्या लेखी दोघेही आंधळे.

ता. क. २ : तिला रागावू नका. येत्या बुधवारी मासळी आणायला जाल तेव्हा फक्त बरोबर न्या, एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं. ओवी टायफॉइडमधून उठली तेव्हा पंधरा दिवस तिच्यासाठी पचायला हलके मुडदुशे बाजूला काढून ठेवणारी तुमची ती नेहमीची बाई म्हणजे पूर्वीची आई. परवा पालकसभेला आली होती. पूर्वीबद्दल कसं सांगावं याची मी जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात तिनेच विचारलं, "सर, तुमची ओवी आता नीट जेवते ना?"