करंजतेलावर आप्पांचा पंप

शनिवार, साक्कोट्टैच्या शेतावरून परतल्यावर

दोनदा साबण लावला, तरी हाताला करंजतेलाचा वास आहेच. आज आप्पांच्या जुन्या डिझेल पंपात ते घालून पाहिलं. आप्पा सकाळपासून रुसलेले. "तीस वर्षं हे इंजिन सांभाळलंय मी. बिघडलं तर?" धास्ती मलाही होती. आधी डिझेलवर इंजिन तापवलं, मग तापवून पातळ केलेल्या करंजतेलाची तोटी उघडली. इंजिन खोकलं. बंद पडणार? उगाच हट्ट केला का मी? पण ठोका सावरला, भाताच्या वाफ्यात पाणी धो धो पडू लागलं आणि तो वास शेतभर पसरला. आप्पांना हल्ली कमी ऐकू येतं. त्यांनी इंजिनाच्या चौथऱ्यावर तळहात ठेवला, बराच वेळ. "बरं चालतंय गे," म्हणाले, आणि मला ते बंदच करू देईनात.