ढोलीपर्यंत पोचणारा कॅमेरा

मंगळवार, ५ फेब्रुवारी २००८

आज शाहूपुरीतल्या दुकानात पुन्हा गेलो. बायकोही सोबत आली. दोन कॅमेरे पसंत आहेत, पण हात थरथरतो त्याचं काय करू? दुकानदारानं एकातून समोर तारेवर बसलेला कावळा दाखवला. "बघा काका, भिंग न बदलता चोच दिसतीया." माझ्या फोटोत नुसता काळा डाग आला. दुसरा कॅमेरा हात हलला तरी सांभाळून घेतो म्हणे, पण त्यात एवढं लांबचं दिसत नाही. आणि मला तर लांबचंच हवंय.

चंदगडला हिच्या माहेरी, ओढ्यापलीकडच्या झाडाच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी स्वतःला कोंडून घेते आणि नर तिला फटीतून फळं भरवतो. लग्नापासून ऐकतोय. जवळ गेलं की नर बुजतो. एकदा तरी ते डोळे भरून बघायचंय. या वयात हा हट्ट बरा का?

पुन्हा हात हलला तशी ही पुढ्यात येऊन उभी राहिली. "चहाची बशी धरवंना आन् म्हणं क्यामेरा! ठेवा माझ्या खांद्यावर."

दुकानदार हसला. पण कावळा डोळ्यासकट आला की!

लांबचं दाखवणाराच आमच्यासाठी बाजूला ठेवायला सांगितला.

घरी आल्यावर ही जिन्यातच बसली, गुडघे धरून. ओढ्यापर्यंतची चढण तिला झेपेल का? खांदा मात्र जराही हलला नव्हता.